प्रश्न बॅटरीचा, उत्तर चार्जरमध्ये

ड्रोन, दूरनियंत्रित विमाने आणि रोबो यांना लागणारी लिथियम पॉलिमर बॅटरी आता महानगरांपुरती राहिलेली नाही. सोलापूरसारख्या शहरांतही ती घराघरांत, स्टुडिओत आणि शेतावरच्या खोलीत चार्ज होऊ लागली आहे. ती कशावर चार्ज होते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नाही. कडक उन्हाळा आणि सुताचे ढीग यांच्या सान्निध्यात हे दुर्लक्ष महागात पडू शकते.

वसई येथे २३ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे विजेवरील स्कूटरची बॅटरी घराच्या दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेली असताना तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवडाभराने त्याचा मृत्यू झाला. त्यापूर्वी अवघ्या दहा-अकरा दिवसांआधी, १२ सप्टेंबर रोजी, सिकंदराबाद येथे एका हॉटेलच्या इमारतीतील विजेवरील दुचाकींच्या दालनात आग लागून धुराने आठ जणांचा बळी घेतला होता. याच काळात केंद्र सरकारने विजेवरील दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी असलेले ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कडक केले. सेलची सुरक्षितता, बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, वाहनातील चार्जर आणि एका सेलमधील आग शेजारच्या सेलमध्ये पसरू नये यासाठीची रचना, अशा बाबींवरील नव्या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

वाहनांच्या बाबतीत निदान एवढे तरी झाले. तथापि, लिथियमच्याच कुळातील दुसरी एक बॅटरी याच काळात गाजावाजा न होता घरांत शिरली आहे. छंद म्हणून उडविल्या जाणाऱ्या विमानांत, शर्यतीच्या ड्रोनमध्ये, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या रोबोमध्ये आणि शेतात औषध फवारणाऱ्या ड्रोनमध्ये ती असते. तिला ‘लिपो’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. स्कूटरच्या बॅटरीत कधी थांबायचे हे ठरविणारी यंत्रणा बॅटरीतच बसविलेली असते. छंदासाठी विकल्या जाणाऱ्या साध्या लिपो पॅकमध्ये तशी यंत्रणा सहसा नसते. तेथे निर्णय चार्जर घेतो आणि चार्जरला काय करायचे ते माणूस सांगतो. साहजिकच या बॅटरीची सुरक्षितता हा मुख्यतः चार्जरच्या निवडीचा प्रश्न ठरतो.

छंद राहिला नाही, व्यवसाय झाला

सोलापुरात या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली लग्नसराईची. लग्नाची वरात आणि मंगल कार्यालयाचे आवार आकाशातून टिपणारा ड्रोन ही आता चैन राहिलेली नाही. छायाचित्रकाराच्या कामाचा तो भाग झाला आहे. तयार ड्रोनसोबत त्याच्याच कंपनीची ‘हुशार’ बॅटरी व चार्जर येतो, त्यामुळे तेथे धोका तुलनेने कमी असतो. पण हौसेने जुळणी केलेल्या ड्रोनचा पॅक उघडा असतो आणि चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो.

दुसरी बाजू शिक्षणसंस्थांची. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी रोबो आणि ड्रोनच्या स्पर्धांत उतरतात. पॅक पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागविला जातो आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत तो चार्ज होतो. महाग मोटारी आणि नियंत्रक घेतल्यावर खिशात जे उरते, त्यात चार्जर बसविला जातो. हा क्रमच मुळात उलटा आहे.

तिसरी बाजू शेतीची, आणि ती सर्वांत मोठी आहे. सोलापूर हा डाळिंब, द्राक्ष आणि उसाचा जिल्हा. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे. उंच वाढलेल्या उसात माणसाने शिरून फवारणी करणे कष्टाचे असल्याने ड्रोनला येथे वाव आहे. केंद्र सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत, अर्थसाहाय्य त्यात आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिळणाऱ्या संचात मूळ बॅटरीशिवाय आणखी चार बॅटरी संच आणि दोन बॅटऱ्या एकाच वेळी भरणारा वेगवान चार्जर समाविष्ट आहे. म्हणजे जेथे ड्रोन जाईल तेथे पाच संच बॅटऱ्या जाणार आणि दिवसातून अनेकदा चार्ज होणार.

या तिन्ही ठिकाणच्या बॅटऱ्यांचा आकार सारखा नाही. छोट्या विमानातील ११.१ व्होल्ट, २,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या पॅकमध्ये सुमारे २४ वॉट-तास ऊर्जा असते. फवारणीच्या ड्रोनमधील ४४.४ व्होल्ट, १६,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ती ७१० वॉट-तास होते, म्हणजे जवळजवळ तीसपट. रसायनशास्त्र मात्र दोहोंचे एकच, आणि त्याचे नियमही एकच.

मोबाइलची सवय येथे चालत नाही

बहुतेकांची चूक मोबाइलच्या सवयीतून होते. मोबाइलसोबत येणाऱ्या डबीला आपण चार्जर म्हणतो. वास्तविक ती केवळ वीज पुरविणारी डबी, म्हणजे अडॉप्टर असते. बॅटरी किती भरायची आणि कधी थांबवायचे हे ठरविणारा खरा चार्जर मोबाइलच्या आत असतो आणि बॅटरीवरही संरक्षक पट्टी असते. म्हणून मित्राची डबी लावली तरी फोन सहसा बिघडत नाही. हाच अनुभव गाठीशी असलेला माणूस १२ व्होल्टच्या लिपोला घरात पडलेला १२ व्होल्टचा अडॉप्टर लावतो. तेथे थांबविणारे कोणीच नसते.

दुसरी सवय इन्व्हर्टरची. भारनियमनाच्या काळात सोलापूरकरांच्या घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यातील शिसे-आम्लाची बॅटरी बरीच सोशिक असते. ती पूर्ण भरल्यावरही अल्प दाबाने महिनोन्‌महिने जोडलेली राहू शकते. अधूनमधून पाणी घातले की तिचे काम चालते. लिपोला असे कायम जोडून ठेवणे मानवत नाही. ती भरली की प्रवाह पूर्ण बंद व्हायलाच हवा. निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचे चार्जरही तिला चालत नाहीत. निकेलची बॅटरी भरली की तिचा दाब किंचित खाली येतो आणि ती खूण ओळखून तिचा चार्जर थांबतो. लिपोचा दाब असा खाली येत नाही, त्यामुळे तो चार्जर त्या खुणेची वाट पाहत वीज ढकलतच राहतो.

४.२० व्होल्टची लक्ष्मणरेषा

लिपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२० व्होल्ट होतो आणि वापरताना ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. असे सेल एकापुढे एक जोडून पॅक बनतो. तीन सेलच्या पॅकला ‘३एस’ म्हणतात. त्याचा नाममात्र दाब ११.१ आणि पूर्ण भरल्यावरचा १२.६ व्होल्ट. सहा सेलचा ‘६एस’ पॅक २२.२ व्होल्टचा असतो व तो २५.२ व्होल्टला भरतो.

४.२० व्होल्टची मर्यादा ओलांडली की सेलमधील रसायनांची घडी विस्कटू लागते. आतील द्राव विघटित होऊन वायू तयार होतो आणि मऊ वेष्टणातील पॅक फुगतो. ऋण टोकावर धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि त्याचे काटे पडद्याला छेदून दोन्ही टोके आतल्या आत जोडू शकतात. उष्णता वाढली की धन टोकाचे संयुग प्राणवायू सोडते. मग आगीला बाहेरच्या हवेचीही फारशी गरज उरत नाही. उष्णतेने विक्रिया आणि विक्रियेने उष्णता, असे हे चक्र एकदा सुरू झाले की ते काही सेकंदांत हाताबाहेर जाते. बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखा दाहक वायू असतो. ज्वाळेइतकाच हा धूर बंद खोलीत घातक ठरतो.

उलट बाजूलाही धोका आहे. सेल फार काळ ३ व्होल्टच्या बराच खाली राहिला तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढे तो चार्ज केला की ते तांबे नको तेथे साचते आणि आतून जोडणी होते. ‘पूर्ण मेलेली’ बॅटरी चार्जरवर चढवून ‘जिवंत’ करण्याचा खटाटोप म्हणूनच धोक्याचा. चांगला चार्जर अशी बॅटरी नाकारतो. त्याला चकवून बॅटरी भरण्याच्या युक्त्या पसरविल्या जातात. त्यांच्या वाटेला न जाणे हाच शहाणपणा होय.

चार्जर पारखताना

पहिली कसोटी, चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे पाहतो का? लिपो पॅकला दोन जोडण्या असतात. एक जाड तारांची, जिच्यातून मुख्य प्रवाह जातो. दुसरी बारीक तारांची, पांढऱ्या चपट्या पिनेची. सेल जितके, त्याहून एक तार या पिनेत जास्त असते. या पिनेतून चार्जर प्रत्येक सेलचा दाब मोजतो आणि पुढे गेलेल्या सेलला थोपवून सर्वांना एका पातळीवर आणतो. यालाच बॅलन्स चार्जिंग म्हणतात. ते नसेल तर काय होते, हे एका साध्या बेरजेने कळते. ३एस पॅकचा एकूण दाब १२.६ व्होल्ट झाला की चार्जर थांबणार. पण एका सेलची क्षमता खालावली असेल तर दोन सेल ४.१ वर आणि तिसरा ४.४ वर असूनही बेरीज १२.६ च येते. एकूण आकडा बरोबर आणि एक सेल धोक्यात, असा हा प्रकार. पांढरी पिन न जोडता ‘चालतंय की’ म्हणून रोज चार्ज करणारे नेमका हाच धोका पत्करतात.

दुसरी कसोटी, सेलची संख्या चार्जर पडताळतो का? पूर्ण भरलेला ३एस पॅक १२.६ व्होल्ट दाखवितो. केवळ एकूण दाबावरून अंदाज बांधणाऱ्या यंत्राला तो प्रत्येकी ३.१५ व्होल्टवर उतरलेला ४एस पॅकही वाटू शकतो. मग ते १६.८ व्होल्टपर्यंत जाऊ पाहील, म्हणजे एका सेलवर ५.६ व्होल्ट. चांगला चार्जर पांढऱ्या पिनेवरून सेल मोजतो आणि वापरणाऱ्याने निवडलेल्या संख्येशी ते जुळले नाही तर सुरूच होत नाही. त्याचप्रमाणे बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय त्यात असते. लिपो ४.२० व्होल्टवर थांबते. ‘उच्च दाबाची’ लिपो ४.३५ पर्यंत जाते. लिथियम-लोह प्रकारातील सेल ३.६ च्या आसपास थांबवावा लागतो. साध्या लिपोला उच्च दाबाचा पर्याय लावणे म्हणजे जाणूनबुजून जादा भरणे होय. म्हणून कळ दाबण्यापूर्वी पडद्यावरील प्रकार, सेल आणि प्रवाह हे तीन आकडे पॅकवरील छापील मजकुराशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी कसोटी प्रवाहाची. पॅकच्या क्षमतेइतका प्रवाह हे सुरक्षित प्रमाण मानले जाते. २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकला २.२ अँपिअर, ५,००० च्या पॅकला ५ अँपिअर. निर्मात्याने पॅकवर अधिक वेगाची मुभा दिली असली, तरी घाई नसताना ती वापरण्यात हशील नाही. पॅकवर ठळक छापलेला ‘२५सी’, ‘५०सी’ हा आकडा बहुधा बॅटरीतून वीज काढण्याचा असतो, भरण्याचा नव्हे. नवखे लोक येथे हमखास फसतात.

चौथी कसोटी चार्जरच्या ताकदीची. ३एस, २,२०० च्या पॅकला १२.६ गुणिले २.२, म्हणजे सुमारे २८ वॉट पुरतात. ६एस, ५,००० च्या पॅकला मात्र १२६ वॉट लागतात. ५० वॉटचा चार्जर घेतला तर तो या पॅकला जेमतेम २ अँपिअर देईल आणि एका तासाचे काम अडीच-तीन तासांवर जाईल. हे धोक्याचे नाही, पण कंटाळलेला माणूस मग चार्जर लावून बाहेर निघून जातो, आणि धोका तेथून सुरू होतो. अनेक चांगले चार्जर थेट घरच्या विजेवर चालत नाहीत. त्यांना ११ ते १८ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. चार्जर चांगला आणि वीजपुरवठा मात्र कुठलातरी सुटा, विनाअर्थिंगचा, अशी जोडी जमविली तर पहिल्यावर केलेला खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल. १२६ वॉटच्या चार्जरमागे दीडशे वॉटहून अधिक क्षमतेचा पुरवठा हवा, कारण मधल्या मध्ये काही वीज उष्णतेत जाते.

पाचवी कसोटी, चूक झालीच तर थांबण्याची सोय. ठरावीक वेळेनंतर बंद होणे, ठरावीक मिलिअँपिअर-तास भरले की बंद होणे, बॅटरीला तापमापकाची तार लावता येणे आणि उलटी जोडणी ओळखणे, या चार सोयी असलेला चार्जर घ्यावा. त्यासोबत ‘साठवणी’चा पर्याय हवाच. लिपो पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नसते. प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवला तर ती टिकते आणि शांत राहते. लग्नाचे मुहूर्त चातुर्मासात थांबतात आणि ड्रोन तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटात जातो. जाताना बॅटऱ्या बहुधा भरलेल्याच असतात. चार महिने भरून ठेवलेली बॅटरी नव्या हंगामात फुगून हाती येते, त्याचे कारण हेच.

स्वस्त आणि नकली

बाजारात काही शे रुपयांत मिळणारा तीन दिव्यांचा छोटा चार्जर सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पांढऱ्या पिनेतूनच चार्ज करतो. त्याला पडदा नसतो, प्रवाह निवडता येत नाही आणि कोणता सेल किती भरला ते कळत नाही. दिवा हिरवा झाला की झाले, एवढाच त्याचा संवाद. लहान २एस किंवा ३एस पॅकसाठी, समोर बसून, तो एखाद्या वेळी चालून जाईल. पण मोठ्या पॅकचा आणि रोजच्या कामाचा भार त्याच्यावर टाकू नये.

दुसरा प्रकार नकलेचा. स्कायआरसी या कंपनीचा ‘आयमॅक्स बी६’ हा १ ते ६ सेलसाठीचा ५० वॉटचा चार्जर जगभर लोकप्रिय झाला आणि त्याच्या नकलांनी बाजार भरला. बाह्यरूप, कळा, पडद्यावरील अक्षरे सारे हुबेहूब. आत मात्र हलके भाग आणि दाब मोजण्यातील ढिलाई. अखेर मूळ कंपनीला ओळखीसाठी चमकती मुद्रा लावावी लागली. खरा-खोटा ओळखण्याचा घरगुती उपाय म्हणजे मल्टिमीटर. नवा चार्जर घेतल्यावर पहिल्या काही वेळा चार्जिंग संपताच पांढऱ्या पिनेवर प्रत्येक सेलचा दाब मोजावा. चार्जरच्या पडद्यावर ४.२० आणि मीटरवर ४.२५ किंवा त्याहून अधिक दिसत असेल, तर मीटरची खात्री करून घेऊन तो चार्जर बाजूला ठेवावा. काही शे रुपयांचे हे मीटर हजारो रुपयांच्या बॅटऱ्यांचा आणि घराचा पहारेकरी ठरू शकते.

सोलापूरचा उन्हाळा, सुताचे ढीग

आतापर्यंतचे नियम कोणत्याही शहराला लागू पडतात. सोलापूरची परिस्थिती त्यात आणखी भर घालते. लिथियमचे बहुतेक सेल ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करायचे असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काही दिवस ४३-४४ अंशांवर राहतो. ही सावलीतील मोजणी झाली. पत्र्याच्या खोलीत, उभ्या मोटारीत किंवा शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये तापमान याहून वर जाते. त्यात नुकतीच उड्डाण करून उतरलेली बॅटरी स्वतःच तापलेली असते. फवारणीच्या धांदलीत ती तशीच चार्जरला जोडली, तर ४५ अंशांची मर्यादा सुरुवातीलाच ओलांडलेली असते. हाताला कोमट लागणेही थांबेपर्यंत बॅटरी सावलीत ठेवावी आणि उन्हाळ्यात चार्जिंगचे काम पहाटे किंवा सायंकाळी उरकावे. फ्रिजमध्ये किंवा पाण्यात थंड करण्याचा आततायीपणा करू नये.

दुसरी गोष्ट शहराच्या व्यवसायाची. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेलनी शहराला नाव दिले. यंत्रमाग, सुताच्या गाठी आणि राहते घर अनेक ठिकाणी एकाच छताखाली किंवा एका भिंतीच्या अंतरावर असतात. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कारखान्याच्या आवारातच राहणारे कुटुंब होते. त्या आगीचा लिथियम बॅटरीशी संबंध नव्हता. प्राथमिक संशय शॉर्टसर्किटचा व्यक्त झाला होता. पण सूत आणि कापड किती वेगाने पेट घेते आणि आत अडकलेल्यांना बाहेर पडायला किती थोडा अवधी मिळतो, हे त्या घटनेने शहराला दाखविले. अशा जागी चार्जिंगला लावलेली, लक्ष नसलेली लिपो ही नवी ठिणगी ठरू शकते.

म्हणून चार्जर कोणता याइतकेच तो कोठे ठेवला हेही महत्त्वाचे. शहाबादी फरशी, सिमेंटचा ओटा किंवा मातीची रुंद कुंडी ही चार्जिंगची योग्य जागा. गादी, चादरीची चवड, लाकडी शोकेस, पडद्याजवळचा कोपरा या अयोग्य. घराबाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग करू नये, कारण आग लागली तर तीच वाट बंद होते. आगरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या ज्वाळेला काही काळ अडवितात, धुराला नाही. रात्री झोपताना चार्जिंग नको. वसईच्या घटनेतील बॅटरी वेगळ्या जातीची होती, पण रात्री झोपेच्या खोलीत चार्जिंग ही त्या घटनेतील बाब सर्वच लिथियम बॅटऱ्यांना धडा देणारी आहे.

बॅटरी फुगू लागली, फुसफुस आवाज आला किंवा गोडसर वास सुटला, तर आधी भिंतीवरील कळ बंद करावी आणि माणसे बाहेर काढावीत. वाळूने ज्वाळा आवरता येतात, पण आतील विक्रिया थांबत नाही. वीज तोडल्यानंतर भरपूर पाणी हे बॅटरी थंड करण्याचे आणि आसपासचे सामान वाचविण्याचे उपयुक्त साधन आहे. धूर कोंडला असेल तर आत शिरण्याचे धाडस न करता अग्निशामक दलाला १०१ वर कळवावे.

नियम आहेत, नजर कोणाची?

कायद्याची चौकट अगदीच नाही असे नव्हे. केंद्राच्या सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली वाहून नेता येण्याजोग्या उपकरणांतील लिथियम सेल व बॅटऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १६०४६’ या मानकाच्या कक्षेत येतात. नोंदणी झालेल्या मालावर मानकचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. ग्राहकाने दुकानदाराला हा क्रमांक विचारण्याची सवय लावून घेतली, तरी बाजाराला काही प्रमाणात वळण लागेल.

पण या चौकटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. मानक कारखान्यातून निघालेल्या सेलची परीक्षा घेते. तो सेल सोलापुरातील एखाद्या खोलीत कोणत्या चार्जरला, कोणत्या प्रकारावर, किती प्रवाहाने जोडला जाईल, हे कोणतेही मानक ठरवू शकत नाही. वाहनाच्या बाबतीत हा निर्णय यंत्राकडे सोपविता आला आणि म्हणूनच ‘एआयएस १५६’ मधील सुधारणांना अर्थ आहे. उघड्या लिपो पॅकच्या बाबतीत निर्णय माणसाच्या हाती राहतो. तेव्हा येथे कायद्याइतकेच प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते.

ते देण्याच्या जागा आज उपलब्ध आहेत. ‘ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ड्रोन उडविण्याइतकाच वेळ बॅटरी भरणे, थंड करणे आणि साठविणे यांवर खर्च व्हायला हवा, कारण उड्डाण काही मिनिटांचे असते, तर बॅटरी चोवीस तास गावातल्या घरात असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वसतिगृहात लिपो चार्ज करण्यास मज्जाव करून कार्यशाळेत फरशीची, हवेशीर, देखरेखीखालील एकच जागा ठरवून दिली, तर त्याला फार खर्च येत नाही. छायाचित्रकारांच्या संघटना आणि महापालिकेचे अग्निशामक दल यांनी एकत्र येऊन लग्नसराईपूर्वी प्रात्यक्षिके घेतली, तर ती कोणत्याही फलकापेक्षा परिणामकारक ठरतील.

फुगलेल्या बॅटऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्नही पुढे येणार आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे म्हटले आहे. घंटागाडीत टाकलेला लिपो पॅक कचऱ्याखाली दाबला गेला की गाडीत किंवा डेपोत पेटू शकतो. महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयांत अशा बॅटऱ्यांसाठी वेगळी पेटी ठेवणे हा प्रारंभ होऊ शकेल. २०२५ मध्ये सोलापुरातून गोवा आणि मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे ड्रोन घेऊन प्रवास करणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात न देता टोके झाकून हातातील पिशवीतच न्याव्यात, आणि १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी, हा नियमही लक्षात ठेवलेला बरा.

लिथियम बॅटरी टाळणे आता शक्य नाही आणि तसे करण्याचे कारणही नाही. तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. उसाच्या फडात औषधाची टाकी पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मजुराची सुटका याच बॅटरीमुळे होऊ घातली आहे. प्रश्न आहे तो खर्चाचा क्रम ठरविण्याचा. ड्रोनवर हजारो, प्रसंगी लाखो रुपये खर्च करणारा ग्राहक चार्जरच्या वेळी हात आखडता घेतो, तेव्हा तो वाचविलेल्या पैशांच्या बदल्यात घरातील माणसांना जोखमीत टाकत असतो. सेल मोजणारा, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा आणि वेळीच थांबणारा चार्जर ही या छंदाची आणि व्यवसायाची पहिली खरेदी असावी. तो नसेल, तर बॅटरी घेण्याची घाई करू नये.